पाहुण्यांची पाळी

मंदेफ्रोच्या वहीत माझं नाव आधीच होतं,
तारीख घालून, त्यांच्या पंचांगाची,
म्हणजे आपल्याहून सात-आठ वर्षं मागची.
तिथी ठरवून आलेल्या बाईला
अतिथी तरी कसं म्हणायचं?

वोल्लोचं पठार. जवाची शेतं थेट कड्याच्या ओठापर्यंत,
आणि पुढे नुसतं खाली.
मी म्हटलं, शाशितूकडेच उतरते,
मागच्या साली तिची धाकटी
माझं घड्याळ कानाला लावून झोपली होती.
मंदेफ्रोनं पान उलटलं, बोट ठेवलं:
या खेपेला येनेनेश.
शाशितूचं घर परत यायला अजून अकरा घरं.

राग आला, खोटं कशाला बोलू.
दोन दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी करून
मी काही 'पुढचं गिऱ्हाईक' व्हायला आले नव्हते.
मग मामाचं गाव आठवलं,
पाटाच्या पाण्याची पाळी,
रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर ताटकळणारी माणसं.
पाणी कधी म्हणालं नाही,
मला अमक्याच्याच उसात जायचंय.

इथे गाढवांचीही पाळी असते.
ताफेरेचं गाढव म्हातारं, माझ्या पिशवीखाली दर वळणावर थांबणारं;
तरणी गाढवं कडेला चरत, आमच्याकडे न बघता.
मी ताफेरेच्या मुठीत एक नोट सरकवली.
त्यानं ती उलगडली, सरळ केली,
आणि वहीत मांडायला देऊन आला.
पेटीतल्या पैशांतून गिरणी आलीय गावात.
ती दिवसभर डिझेलवर खोकत असते,
आणि बायकांच्या खांद्यांना आता
जात्याची आठवण फक्त थंडीत येते.

पेनांचंही तसंच. मागच्या साली डझनभर आणली होती,
पोरं गोळा झाली की वाटेन म्हणून.
मंदेफ्रो म्हणाला, मग ती वाटेवरच बसतील,
शाळेत नाही.
अकरा पेनं मास्तरांकडे गेली.
बारावं वहीला सुतळीनं बांधलेलं.

येनेनेशकडे मी पहिलीच पाहुणी.
दाराला नवा पडदा, घडीच्या रेघा अजून कडक.
बुधवार, म्हणजे उपास: दूध नाही, अंडं नाही,
शिरो आहे. (शिरो म्हणजे शिरा नव्हे, आपलं पिठलंच,
फक्त लांबच्या नात्यातलं.)
एकाच ताटात, आंबलेल्या, जाळीदार इंजेरावर.
तिनं घास केला, माझ्या तोंडापर्यंत आणला
आणि मध्येच थबकली,
हे चालतं का तुमच्यात, अशी.
मी तोंड उघडलं.

आंघोळीचं पाणी अर्धी बादली.
झरा किती खाली आहे ते दुपारी पाहिलं होतं,
त्यामुळे ते पुरलं.

रात्री तिनं तेल्ला ओतला, जवाचा, धुरकट,
काचेच्या ग्लासात. निळं फूल,
आणि कडेचा टवका उडालेला.
तो टवका मी ओळखला.
मागच्या साली मीच उडवला होता,
शाशितूच्या घरी, चुलीच्या दगडावर आपटून.
काही बोलले नाही. टवक्याच्या उलट बाजूनं प्यायले.

सकाळी दोन वाजता निघायचं होतं
(दोन म्हणजे आठ; इथला दिवस उजाडल्यावर मोजायला लागतात).
वहीत सही केली. पेन दोनदा झटकावं लागलं.

वाट शाशितूच्या अंगणाला लागूनच जाते.
ती जव पाखडत होती. थांबली नाही,
सूप हलतं ठेवूनच काहीतरी ओरडली, लांबलचक,
पोरगी दाराआडून हसली.
मी डोळे पुसायच्या तयारीत.
काय म्हणतेय? मी ताफेरेला विचारलं.

म्हणतेय, ग्लास
या वेळी धड आहे ना?